तीन नंबरचा कंद

माझा धंदा घड्याळं दुरुस्त करण्याचा. चाळीस वर्षं एकच काम केलं: वस्तू बंद पडली की मागचं झाकण काढायचं आणि घोडं कुठे अडलंय ते बघायचं. घरातही तेच. मिक्सर, इस्त्री, शेजाऱ्यांची बेल, काही सोडलं नाही. बायको म्हणते, यांना उद्या चंद्रावर नेलं तरी हे आधी त्याचे स्क्रू शोधतील.

थंडी सुरू झाली त्या आठवड्यात आमची लेक दोन बॅगा घेऊन सासरहून परत आली. लहानपणी ती इतकी बडबडायची की मी तिला रेडिओ म्हणायचो. आता मागच्या खोलीत जाऊन बसली ती बसलीच. जेवायला यायची, चार घास खायची, आपलं ताट धुवायची, परत आत. तिथे काय झालं याबद्दल चकार शब्द नाही. मी रोज विचारायचो. सकाळी चहाला, जेवताना, मध्येच दारावर टकटक करून. कुणी काही बोललं का? हात उचलला का? परत जायचंय का? बायको डोळे वटारायची. जरा असू द्या तिला, म्हणायची. पण असू द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पोरगी आतल्या आत विझून जाईल आणि मी बाहेर पेपर वाचत बसलेला असेन, याची मला भीती वाटत होती.

त्याच दिवसांत बायकोने मागच्या बागेत, लेकीच्या खिडकीसमोर, पिवळ्या फुलांचे सात कंद पुरले. आठवा उरला, तो काचेच्या पेल्यात पाण्यावर टेकवून लेकीच्या खिडकीत ठेवला. मला बजावलं, थंडी सरेपर्यंत वर काही दिसणार नाही, जे चालायचं ते मातीखाली चालतं, तेव्हा तिकडे फिरकू नका.

तीन आठवडे मी कळ काढली. रोज दुकानात जाण्याआधी बागेत एक चक्कर, हात मागे बांधून. गुलाबाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. एक काडी नखाने जराशी खरवडली, तर आत हिरवं निघालं. झालं, हात शिवशिवायला लागले. काडी जिवंत आहे हे काडीने आपणहून सांगितलं नव्हतं, मी खरवडलं म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी चमचा, चिमटा आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन गेलो. सातही कंद एकेक करून उकरले, बघितले, परत पुरले. घोटाळा नको म्हणून प्रत्येकापाशी काडेपेटीतली काडी रोवली आणि एक ते सात नंबर धरले. मग रोजचंच झालं. एक नंबरला मुळं फुटली होती, घड्याळातल्या केसासारख्या स्प्रिंगपेक्षाही बारीक. पाच नंबर ढिम्म होता. आणि तीन नंबरच्या टोकाला एके सकाळी फिकट हिरवा ठिपका दिसला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तो नीट बघावा म्हणून मी चिमट्याने जरासा वर ओढला, आणि तो मोडून चिमट्यात आला.

तसाच कंद पुरला, काडी रोवली आणि चोरासारखा दुकानात गेलो. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला घाई झाली होती. मी त्याच्यावर खेकसलो, की दुरुस्त केलेलं घड्याळ तीन दिवस खुंटीवर राहू द्यावं लागतं, उघडून उघडून त्याचं वाटोळं करायचंय का? बोललो आणि माझेच शब्द माझ्या कानात वाजले. पुढचे आठ दिवस मी बागेत गेलो नाही. लेकीच्या दारावर टकटक करायला गेलो, की बोटांना तो चिमटा आठवायचा आणि मी मागे फिरायचो. रात्री झोप नाही, दिवसा कामात लक्ष नाही. एका घड्याळात तर काटे उलटे बसवले.

सुट्टीच्या सकाळी राहवेना, म्हणून गेलो. तीन नंबरच्या काडीशेजारी बोटाच्या पेराएवढा कोंब मातीबाहेर आला होता. चांगला जाडजूड, हिरवागार. माझा जीव भांड्यात पडला. मी बायकोला हाक मारणार, तेवढ्यात मनातला घड्याळवाला जागा झाला. मोडलेला भाग कुठलंही यंत्र आपणहून बनवत नाही. आणि मोडलेला कोंब आठ दिवसांत बाकी सहाजणांच्या पुढे कसा गेला? मी गुडघ्यांवर बसलो. उकरलं नाही, नुसतं बघितलं. माती ताजी दाबलेली होती. चार बोटांचे ठसे होते, माझ्या बोटांपेक्षा अरुंद.

दुपारी जेवायला बसलो, तेव्हा ओट्यावर काचेचा पेला धुऊन पालथा घातलेला दिसला. लेक समोर बसली होती. तिच्या नखांत काळी माती होती.

म्हणजे तिने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. चमचा, भिंग, चिमटा, आणि नंतरचं माझं चोरासारखं पळणंही. मी दुकानात असताना कधीतरी ती बाहेर पडली होती, थंड मातीत हात घातला होता, आपल्या पेल्यातला कोंब आलेला कंद मी मोडलेल्याच्या जागी लावला होता. मी जिच्या दाराला कान लावून बसलो होतो, ती मागच्या दाराने बागेत जाऊन आली होती.

तोंडाशी प्रश्न आला, एक नाही, सतरा. कधी गेलीस? बरं वाटतंय का? आता तरी सांगशील? टेबलाखाली बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला. पण त्याची गरज नव्हती.

"मीठ दे जरा," मी म्हणालो.

तिने दिलं. भाजी आधीच खारट होती, तरी मी मीठ घातलं.

"बाबा," ती ताटाकडे बघतच म्हणाली, "तीन नंबरला आता चिमटा लावू नका."

दोन महिन्यांत ती आपणहून माझ्याशी पहिल्यांदा बोलली होती.

"नाही लावणार," मी म्हणालो.

त्या दिवशी ती ताट धुवायला लगेच उठली नाही. मीही दोन्ही हात टेबलावर, तिला दिसतील असे ठेवून बसून राहिलो.