पुतळाबाईंचा केसपेपर

२००२ सालची गोष्ट. भागुबाई पंचवटीतल्या दवाखान्यात आल्या तेव्हा डॉ. सुवर्णा गायधनींना वाटलं, गुडघे दुखत असतील. पण त्यांनी भलतंच विचारलं.

"माझी विहीण, मखमलाबादची पुतळाबाई. तीन वर्षं झाली तिला जाऊन. तुमचंच औषध चालू होतं. कशानं गेली हो ती?"

डॉक्टरांना पुतळाबाई चांगल्या आठवत होत्या. मळ्यातली शेवंती बाजारात विकून झाली की त्या तपासायला यायच्या. स्तनाचा कॅन्सर होता. "माझ्या लेकीचं, आशाचं लग्न ठरतंय. कुणाला कळू देऊ नका," असं त्यांनी हात धरून सांगितलं होतं. घरी त्या शेवटपर्यंत पोटदुखीच सांगत राहिल्या.

"माणूस गेलं तरी त्याचं आजारपण मी दुसऱ्याला सांगत नाही, भागुबाई."

"मी परकी हाय व्हय?"

"आशाला पाठवा. तिच्याशी बोलेन."

भागुबाई उठल्या नाहीत. "सून कपडे बदलताना छातीला हात लावून उभी राहती. विचारलं तर काय नाय म्हणती. म्हणून आले. तिचं वाईट करायला नाय आले मी."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. डॉक्टरांनी भागुबाईंना बाहेर बसवलं आणि कपाटातून जुना केसपेपर काढला. 'कुणाला' म्हणताना पुतळाबाईंनी लेकीलाही वगळलं नव्हतं. पण ज्या लग्नासाठी शब्द घेतला ते पार पडलं होतं, आणि आता गप्प राहण्यात लेकीच्याच जिवाला धोका होता. त्यांनी आशाला सगळं सांगितलं.

"शेवटी शेवटी आई मला पाठसुद्धा चोळू देत नव्हती," आशा म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यावर रागावली." आणि ती रडायला लागली. डॉक्टरांनी तिला रडू दिलं, मग तपासलं. हाताला छोटी गाठ लागली. मोठ्या दवाखान्यात सुई घालून तपासायची चिठ्ठी त्यांनी लिहून दिली.

"आत्याबाईंना सांगू का?"

"ते तू ठरव. मी त्यांना काही सांगणार नाही."

आशानं डोळे पुसले, दार उघडून सासूला आत बोलावलं आणि स्वतःच सांगितलं. भागुबाईंनी तिला जवळ घेतलं. "एकटीनं सोसलं गं बाईनं," एवढंच त्या म्हणाल्या.

आठवड्यानं रिपोर्ट आला. गाठ साधी होती. दर वर्षी तपासणी मात्र करायची, असं डॉक्टरांनी बजावलं.

"मी आणीन की तिला," भागुबाई म्हणाल्या.