फरशीखालचे उखळ

मित्रांनो, मी एक जुने उखळ आहे. पण मला पाहायला आलात तर दिसणार नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात, स्वयंपाकघराच्या फरशीखाली मला पुरले आहे.

पाथरवटाने मला अखंड काळ्या दगडातून घडवले. १९२२ साली मला या घराच्या जमिनीत गळ्यापर्यंत बसवले. बोटभर काठ तेवढा वर राहिला. त्याच वर्षी अक्का सून म्हणून आल्या. दर उन्हाळ्यात त्या माझ्यात चटणीच्या मिरच्या कुटत. खकाणा उठला की शेजारच्या अंबूबाई दारातून म्हणत, "अक्का, तुमची चटणी आधी आमच्या नाकात पोचती की."

"मग ताट घेऊन या. नाकानं किती खाल?"

१९५२ साली काचबिंदूने अक्कांची नजर गेली. त्यांचा स्वयंपाक आता सुटला, असे सगळ्यांना वाटले. तो सुटला नाही. दारातून चार पावले टाकली की त्यांच्या पायाच्या अंगठ्याला माझा काठ लागे. तिथून डावीकडे दोन पावलांवर चूल, उजवीकडे पाण्याचा हंडा, समोर मिठाची बरणी. काठ लागला की त्या क्षणभर थांबत आणि मग न चाचपडता कामाला लागत. घरात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. सांगण्यासारखे त्यात काही आहे, असे अक्कांनाही वाटले नसावे.

दोन वर्षांनी सून प्रमोदिनी शाळेत शिकवायला जाऊ लागली. तिला सकाळी झटपट स्वयंपाक करता यावा आणि अक्कांनाही वाकावे लागू नये, म्हणून मुलगा त्र्यंबक याने उभ्याचा ओटा, स्टोव्ह आणि शहाबादी फरशी करायचे ठरवले. अक्कांना त्याने पंधरा दिवस लेकीकडे जयसिंगपूरला पाठवले. परत आल्यावर त्यांना आनंद व्हावा, एवढीच त्याची इच्छा होती.

आकाराम गवंडी माझ्यापाशी उकिडवे बसले.

"ह्ये उखळ उपटू काय?"

"छे, लग्नाची हळद कुटलेलं उखळ आहे. उपटलं तर घराला बरं नव्हे."

"मग काठ ठिवतो वर, हाय तसा."

"नको. अक्काला दिसत नाही. ठेच लागून पडायची."

"म्हातारीला इचारलंसा न्हवं?"

"तिच्यासाठीच तर चाललंय. तिला काय विचारायचं?"

मित्रांनो, उखळाला तोंड असते, पण वाचा नसते. त्र्यंबकने मला हळदकुंकू वाहिले. आकारामांनी माझ्यात वाळू भरली, वर दोन बोटे भर घातली आणि फरशी बसवली.

अक्का परतल्या. चौथ्या पावलावर त्यांचा अंगठा थांबला. तो पुढे सरकला, मागे आला, बाजूला गेला. फरशी सगळीकडे सारखीच गार होती.

"त्र्यंबक, मी कुठं आहे?"

"स्वयंपाकघरात, अक्का. आता कुठं ठेच लागायची नाही."

"उखळ काढलंस?"

"काढलं नाही. पूजा करून पुरलंय."

"बरं," अक्का म्हणाल्या.

आठ दिवस त्या रोज आल्या. रोज त्यांचा पाय माझ्यावरून फिरत राहिला आणि दोन बोटे खाली मी काही करू शकलो नाही. नवव्या दिवशी बरणी शोधताना त्यांचा हात पेटत्या स्टोव्हवर पडला. त्यानंतर त्या उंबऱ्याबाहेर बसू लागल्या. अंबूबाई भाजलेला हात पाहायला आल्या.

"नवं सैपाकघर कसं हाय?"

"छान आहे म्हणतात."

"मग तुम्ही भाईर का बसलायसा?"

"पोरानं हौसेनं केलंय, अंबू. त्याला काय सांगू?"

मित्रांनो, या घरात कोणी वाईट नव्हते. म्हणूनच तुम्हाला सांगतो. ज्याच्यासाठी घर बदलाल, त्याला आधी विचारा. आणि तो "काही नको" म्हणाला, तर दोन दिवस त्याची पावले पाहा.

आता माझ्यावरून प्रमोदिनीची पावले जातात. ती घाईत असते. अक्का बाहेरून विचारतात, "मीठ घातलंस का गं?"

"घातलं, अक्का."

बास. त्यांच्या वाट्याला तेवढाच स्वयंपाक उरला आहे.