छपरावरचा दिवा

चाचणीच्या रस्त्यावर मांडलेला तिसरा प्लास्टिकचा शंकू चाकाखाली गेला तेव्हा मास्तरांनी शिवी हासडली ती गाडीला, आणि स्टिअरिंग असं ओढलं, की जणू उधळलेल्या रेड्याचं शिंगच हाती लागलंय. चौथा शंकू उडून गवतात पडला. पाचव्याची अब्रू तेवढी राहिली. फेरी संपवून मास्तर उतरले ते टोपी सारखी करत, लढाई मारल्याच्या थाटात.

“पाहिलंत? डावीकडे खेचत होती सटवी! दुसरा कोणी असता तर थेट भिंतीत गेला असता.”

आपापल्या फेऱ्या उरकून पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या चौघा-पाचजणांनी माना डोलावल्या. संगणकापाशी उभ्या असलेल्या लेकीने मान वर केली नाही. तिने मेकॅनिकला शंकू पुन्हा मांडायला सांगितलं आणि वडिलांकडे चहाचा कप सरकवला.

मास्तरांनी चाळीस वर्षं मोटार शिकवली होती. निम्मं शहर त्यांच्या हाताखालून गेलं. उरलेलं निम्मं त्यांच्या तोंडाला भिऊन सायकलवरच राहिलं. पण गेल्या महिन्यात त्यांनी शेजाऱ्याचं फाटक आडवं केलं. फाटकच रस्त्यात आलं, असं त्यांचं म्हणणं. लेकीने किल्ली काढून घेतली ती आपल्या पर्समध्ये टाकली. तेव्हापासून मास्तर जेवताना बोलत नव्हते, आणि मास्तर न बोलता जेवतात म्हणजे आजार गंभीर.

शेवटी लेकच म्हणाली, “चाचणीला या. शंकू न पाडता गाडी राखलीत तर किल्ली तुमची.”

तिचं कामच ते. गाडीतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिघडली तर काय, याचा हिशोब लावायचा: इजा किती होईल, अशी वेळ किती वेळा येईल, आणि साध्या माणसाला ती गाडी आवरेल का. हे तिसरं कागदावर कळत नाही. म्हणून रस्त्यावरची साधी माणसं बोलावून गाडीत बसवायची आणि मुद्दाम बिघाड सोडायचा. केव्हा, ते त्यांना सांगायचं नाही. माणसांना आवरलं तर ठीक, नाहीतर कंपनीने गाडीत दुसरी राखीव यंत्रणा घालायची.

“शंकू दोन पडले,” मास्तर म्हणाले, “पण बिघाड केवढा होता ते धरा की! ती किल्ली आण इकडे.”

“बसा बाबा. बाकीच्यांचं होऊ दे.”

मग काय, मास्तर बसले आणि सांगत सुटले. पहिल्या चहाला गाडी वीतभर सरकली होती. दुसऱ्या चहाला दोन हात. तिसरा चहा येईतो ती दोन चाकांवर उभी राहिली होती आणि मास्तरांनी तिला एका करंगळीने खाली बसवलं होतं. ऐकणारे अगदी मन लावून ऐकत होते. कोणीच अडवत नव्हतं. चाळीस वर्षांत मास्तरांना इतके गुणी श्रोते मिळाले नव्हते.

पुढची पाळी एका बेकरीवालीची होती.

“बाई, पाव भाजणं वेगळं,” मास्तर ओरडले. “स्टिअरिंग आहे ते, कणीक नव्हे!”

बाईंनी पहिली फेरी मुकाट पुरी केली. दुसऱ्या फेरीत, ऐन वळणावर, गाडीच्या छपरावर एक लाल दिवा पेटला. गाडी झटक्याने डावीकडे वळली. बाईंनी ती ओढून सरळ केली. एकही शंकू हलला नाही.

मास्तरांचा कप ओठांपाशीच राहिला.

“तो दिवा कसला रे?”

“बिघाड सोडला की लागतो,” मेकॅनिक म्हणाला. “बाहेरच्यांनी लांब व्हावं म्हणून. आतल्याला दिसत नाही.”

“पहिल्या फेरीत नाही लागला तो.”

“पहिली फेरी साधीच असते. हात बसावा म्हणून.”

मास्तरांनी एकच फेरी मारली होती. त्यांनी श्रोत्यांकडे पाहिलं. एकजण चपलेचा पट्टा चाचपू लागला, दुसऱ्याला खोकला आला. शेडमधून सगळा रस्ता लख्ख दिसत होता. गाडीचं छप्परसुद्धा.

“माझ्या वेळी...” ते लेकीला म्हणाले.

“काहीच सोडलं नव्हतं.”

“मग दुसरी फेरी का नाही दिलीस?”

“ज्याला पहिली जमत नाही त्याला दुसरी देत नाहीत, बाबा.”

“चारचौघांत बोलू दिलंस मला. तीन चहा होईतो.”

लेकीने संगणक मिटला. आवाज चढवायची तिला गरज नव्हती.

“मला शिकवताना तुम्ही तुमच्या बाजूचा ब्रेक हळूच दाबायचात. गाडी गचका खाऊन बंद पडली, की मागच्या सीटवरच्या पोरांना सांगायचात, बघा माझी हुशार लेक. मी वर्षभर समजत होते, मलाच येत नाही.”

“गंमत होती ती.”

“हो ना. मी तर आज काहीच दाबलं नाही.”

घरी निघताना मास्तर सवयीने चालकाच्या दाराशी गेले. तिथे जरा थांबले, कुणी काही म्हणतंय का ते पाहिलं, आणि वळसा घालून पलीकडच्या बाजूला बसले. लेकीने पर्समधून किल्ली काढली.

पहिल्या वळणावर तिने गाडी थोडी जोरातच घेतली. मास्तरांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि त्यांनी ब्रेक असायचा तिथलं पायपुसणं दाबलं. मग आणखी दाबलं.

लेकीने ते पाहिलं. पुढच्या वळणावर तिने वेग वाढवला.