मानसिंगकाकांचं कटआउट

अक्कलकोट रोडवरच्या महेश्वरीच्या सायलेन्सरच्या दुकानात एक गृहस्थ आले आणि म्हणाले, कटआउट लावायचं आहे. महेश्वरीने त्यांना सरळ शेजारचं फ्लेक्सवाल्याचं दुकान दाखवलं. सोलापुरात कटआउट म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वाढदिवसाला चौकात उभा केलेला, हात जोडलेला दोन मजली पुढारी. पण गृहस्थ जागचे हलले नाहीत. काखेतलं खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बाहेर बोट दाखवलं. बाहेर लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार उभी होती. ती इतकी बुटकी होती की शेजारची रिक्षा तिच्यापुढे उंट वाटत होती.

गृहस्थांचं नाव मानसिंग. नातेपुत्याचे, साठी ओलांडलेले, बोअर मारायच्या गाड्यांचा धंदा केलेले. गाडी जुनी पण परदेशी, पुण्यातल्या कुणाकडून घेतलेली. खोकं त्यांच्या नातीने, संस्कृतीने, बाहेरून मागवून दिलं होतं.

महेश्वरीने खोकं उघडलं. आत स्टीलचे दोन आखूड, फाटा फुटलेले पाइप होते. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी एक गोल पत्रा आणि त्याला चिकटलेली मुठीएवढी मोटर. हे असलं कटआउट तिने मोबाइलवर पाहिलं होतं, हातात कधी घेतलं नव्हतं. तिने वायरी बॅटरीला टेकवल्या. चिर्र असा आवाज करत पत्रा फिरला आणि तोंड उघडलं. वायरी उलट्या लावल्या, तोंड मिटलं. कळायचं ते कळलं होतं, तरी तिने उगाच आणखी एकदा उघडून पाहिलं.

काम सोपं होतं. सायलेन्सरच्या आधी पाइप कापायचा आणि मध्ये हा फाटा जोडायचा. गाडीत बसून बटण दाबलं की पत्रा उघडतो आणि इंजिनाचा धूर सायलेन्सरमध्ये न शिरता सरळ बाहेर पडतो, आवाजासकट. पुन्हा दाबलं की पत्रा मिटतो आणि गाडी पहिल्यासारखी शहाणी होते. महेश्वरीच्या वडिलांनी, सिद्धाराम अप्पांनी, हे दुकान काढलं ते आवाज दाबायला. अप्पांचे गुडघे गेले तेव्हा चिंचोळीच्या कारखान्यातली स्टील पाइपांच्या वेल्डिंगची नोकरी सोडून ती इथे येऊन बसली, तीही त्याच कामाला. आवाज मोकळा करा, असं म्हणणारी पोरं यायची, पण त्यांना ती पिटाळून लावायची. पोलीस गाड्या धरत होते, सायलेन्सर रोलरखाली चिरडत होते.

तिने काकांनाही तेच सांगितलं. काका म्हणाले, रस्त्यासाठी नकोच आहे. नातेपुत्याबाहेर त्यांच्या बोअरच्या गाड्या लावायचं मोठं मैदान होतं, बटण फक्त तिथंच दाबायचं. मग कशाला एवढा खटाटोप, असं तिने विचारलं, तर म्हणाले, हौस.

हे काही तिला पटलं नाही. हौशी लोक तिला ठाऊक होते. आवाज किती लांब जाईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. काकांनी वेगळंच विचारलं होतं. आत, सीटवर बसल्यावर ऐकू येईल का? गाडीत बसलेल्याला तर येणारच की, ती म्हणाली होती. काकांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

काम घ्यावं की नाही हे ठरायच्या आधीच तिला कारण हवं होतं. पाइप कुठून गेलेत ते तरी बघू, म्हणून तिने गाडी दुकानातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घ्यायला सांगितली. काका गाडीत बसले, इंजिन सुरू झालं. पण गाडी पुढे येईना. ते काहीतरी चाचपत राहिले आणि त्यांनी चालू गाडीला पुन्हा सेल्फ मारला. दातावर दात घासल्यासारखा कर्रर्र आवाज झाला. समोरचा चहावाला वळून बघायला लागला. काकांचा चेहरा मात्र होता तसाच. त्यांनी शांतपणे आणखी एकदा किल्ली फिरवली.

महेश्वरी धावत त्यांच्या समोर गेली आणि हाताने थांबायची खूण केली. काका खाली उतरल्यावर, ओठ दिसतील असं उभं राहून तिने विचारलं, "काका, गाडी चालू होती. तुम्हाला ऐकू आलं नाही?"

काकांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाले, "न्हाय. चालू हाय का बंद, मला कळंनाच झालंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उभी हयात बोअरच्या कॉम्प्रेसरशेजारी गेली. त्या काळात कानात बोळे कोण घालतंय? आधी पाखरं गेली, मग फोनची रिंग, मग नातीचं बोलणं अर्धं अर्धं व्हायला लागलं. जाड, खालचे आवाज तेवढे अजून येत होते. कानातलं यंत्र घेतलं होतं, घरात ते बरं चालायचं, पण गाडीत बसलं की त्यात वाऱ्याची नुसती खरखर. संस्कृती म्हणायची, आबा, इंजिनाच्या काट्याकडे बघून गिअर टाका.

"काट्याकडं बघू का रस्त्याकडं?" काका म्हणाले. "ताई, मी जनमभर गाडी कानानं चालवली. नात म्हणती, जमत नसंल तर सोडा. मी म्हणलं, एक डाव आवाज मोकळा करून बघू. तेवढा आला तर मला अंदाज बसंल."

महेश्वरीला उत्तर मिळालं, पण उत्तराने तिचं कुतूहल शमण्याऐवजी वाढलं. खालचे आवाज येतात म्हणजे नेमके कुठवरचे? तिने रिकामा पाइप हातोडीने वाजवून दाखवला, काकांना आला नाही. मोठं पिंप वाजवलं, आला. तिने काम घेतलं.

पुढचे दोन दिवस ती गाडीखाली होती. आधी बॅटरी सोडवली, नाहीतर वेल्डिंगने गाडीतलं इलेक्ट्रॉनिक सामान जळतं. पेट्रोलची नळी कुठून जाते ते खडूने आखून घेतलं आणि फाट्याची तोंडं तिच्यापासून लांब, खाली वळवली. जागा फारच थोडी होती. डाव्या बाजूची मोटर कशीबशी बसली. वायरी आत घेतल्या, बटण गिअरच्या दांड्याजवळ लावलं. काका खुर्ची टाकून बघत बसायचे. वेल्डिंगची काच तोंडावर ओढली की त्यांच्याशी बोलता यायचं नाही, म्हणून ती खुणा करायची. दुसऱ्या दिवशी दोघांच्या खुणा चांगल्याच जुळल्या.

बाजारपेठेत बटण दाबायची सोय नव्हती. चिंचोळी एमआयडीसीत तिचे जुने सुपरवायझर रामहरी सुट्टीच्या दिवशी कारखाना सांभाळायचे. कारखान्याचं मागचं आवार लांबरुंद होतं. तिने विचारलं आणि ते लगेच या म्हणाले, त्यांनाही गंमत बघायची होती.

तिथे काकांनी गाडी सुरू केली आणि बटण दाबलं. पत्र्याच्या शेडवर बसलेली कबुतरं एकदम उडाली. रामहरींनी दोन्ही कान दाबले. महेश्वरीला आवाज छातीत लागला. जाडजूड, खरखरीत, मधूनमधून फटफटणारा. इतकी वर्षं आपण हेच सायलेन्सरच्या डब्यात कोंडत होतो, असं तिला वाटलं आणि तिने कानांवर हात ठेवले नाहीत. काकांनी मान कलती केली होती. ते ऐकत होते. त्यांनी आवाराच्या टोकापर्यंत गाडी नेली, गिअर बदलले, परत आणली. चेहरा उजळला होता.

पण थोड्याच वेळात ते कान चोळायला लागले. कानात शिट्टी वाजत होती. त्यांनी बटण दाबून पत्रे मिटले.

महेश्वरीला एकदम वाईट वाटलं. जे थोडं उरलं होतं तेही या आवाजाने जाणार, हे तिला आधी सुचायला हवं होतं. तिने तसं सांगितलंही. काकांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग सवयीने त्यांचा हात किल्लीकडे गेला आणि मध्येच थांबला.

"चालूच हाय की," ते म्हणाले.

पत्रे मिटल्याने धूर पुन्हा सायलेन्सरमधून जात होता. गाडीजवळ उभ्या असलेल्या महेश्वरीलाही जेमतेम गुणगुण ऐकू येत होती. तुम्हाला कसं कळलं, तिने विचारलं. काकांनी मांडीवर थाप मारली. सीट थरथरत होती.

ती तशीच जमिनीवर आडवी झाली आणि तिने गाडीखाली बघितलं. डावीकडची मोटर गाडीच्या तळाच्या पट्टीला टेकली होती. चूक तिचीच होती. पाइप रबरावर टांगतात ते पाइपाची थरथर आत जाऊ नये म्हणून. गिऱ्हाईक अशी गाडी दुसऱ्याच दिवशी परत आणून आदळतं. ती माफी मागत उठली, उद्या सरकवून देते म्हणाली.

"हात लावू नका," काका म्हणाले. "लई दिवसांनी गाडी माझ्याशी बोलाय लागली."

पण तसं सोडणंही बरोबर नव्हतं. घासून घासून मोटर जळाली असती. मग ती रामहरींबरोबर कारखान्यात गेली आणि भंगारातून स्टीलची एक पातळ पट्टी शोधून आणली. तिला मध्ये बाक दिला, म्हणजे पाइप तापून लांबला तरी तुटणार नाही. मोटर सरकवून मोकळी केली आणि पाइप निवल्यावर, थरथर सीटपर्यंत जावी म्हणून, पट्टीचं एक टोक त्याला, दुसरं ड्रायव्हरच्या सीटखालच्या बोल्टला बांधलं. नट थोडा आवळायचा आणि काकांना बसवून विचारायचं. जास्त? कमी? काका बोटांनी खुणा करत होते. हे काम तिने पूर्वी कधी केलं नव्हतं, कुणी केल्याचं ऐकलंही नव्हतं, आणि आवारातली उन्हं उतरली तरी तिला थांबवेना.

शेवटी काका पत्रे मिटलेले ठेवून सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एमआयडीसीच्या रस्त्यावर गेले. महेश्वरी कडेला उभी राहून कान देत होती. पहिला, दुसरा, तिसरा. आपण जिथं टाकला असता तिथंच प्रत्येक गिअर पडत होता. काका वळून तिच्याजवळ येऊन थांबले, काच खाली केली आणि त्यांनी विचारलं, "आत्ता दुसरा टाकला तवा तुमाला भाईर काय ऐकू आलं?"

तिला पटकन सांगता येईना. आधी आवाज वर चढत गेला, मग श्वास घेतल्यासारखा किंचित खाली बसला, मग पुन्हा चढला, असं ती हाताने वर-खाली करत म्हणाली. काकांनी डोळे बारीक करून तिच्या हाताकडे पाहिलं. मला खालून तसंच आलं, ते म्हणाले, फक्त ते खाली बसताना एक बारका धक्का. तो तुम्हाला आला का? तिला आला नव्हता. मग तिला शेजारी बसवून त्यांनी पुन्हा एक चक्कर मारली. तिने तळहात काकांच्या सीटखाली दाबून धरला आणि दुसऱ्या गिअरला तो धक्का तिलाही सापडला.

काही आठवड्यांनी संस्कृतीचा फोन आला. आबा आता एकटे माळशिरसपर्यंत जाऊन येतात, काट्याकडे बघत नाहीत, चालू गाडीला सेल्फ मारत नाहीत. मैदानात कधीतरी बटण दाबतात, पण तिने त्यांना कानांवर घालायची जाड टोपणं आणून दिली आहेत आणि ती घातल्याशिवाय ती किल्ली देत नाही. एवढं सांगून झाल्यावर तिने जरा बिचकत विचारलं, तुम्ही त्या सीटखाली नक्की काय केलंय?

महेश्वरी तिला पट्टीबद्दल सांगत होती, तोवर दुकानासमोर एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर म्हणाला, सायलेन्सर फुटलाय, ऐका की. फोन ठेवून महेश्वरी टेम्पोत चढली, ड्रायव्हरच्या थरथरत्या सीटवर बसली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. ड्रायव्हर तिच्याकडे बघतच राहिला. थोड्या वेळाने तिने त्याला सांगितलं, इंजिन ज्यावर बसवलेलं असतं त्यातलं एक फाउंडेशनही सैल झालंय, आधी ते बघू.