भुऱ्याचा पंचा

"गाडीत याच्याशी बोलत राहा, हीरा. बोलणं थांबलं की हा घाबरतो. खाली माझा पंचा अंथर, मग जागचा हलणार नाही. आणि माझ्यामागं याला वाऱ्यावर सोडू नकोस." डोळे मिटण्याआधी नवऱ्यानं, झुंबरलालजींनी, एवढंच मागितलं होतं, आणि हीराबाईंनी भुऱ्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

आता चोपड्याचं घर बंद करून अखिल आईला धुळ्याला, देवपूरच्या फ्लॅटवर नेत होता. निघायचा दिवस त्यानंच काढला, नेमका मौन एकादशीचा. त्या दिवशी हीराबाई दुसऱ्या सूर्योदयापर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत, की शब्द उच्चारत नसत. लग्नापासूनचा नेम.

गाडीत बसताना अखिल म्हणाला, "मम्मी, भुऱ्याचं काय ते मी बघतो. चालणार नसेल तर आत्ताच सांग."

मौनाची थट्टा करतोय लबाड, असं वाटून हीराबाई हसल्या.

"बघा, मम्मीजींची हरकत नाही," सून रिद्धी म्हणाली.

भुऱ्याला पहाटेच फिरवून आणलं होतं, पोटही हलकं ठेवलं होतं. पंच्यावर बसून त्यानं हीराबाईंच्या मांडीवर मान टाकली. बोलता येत नव्हतं, म्हणून त्या त्याच्या कानामागं बोटं फिरवत राहिल्या. तापीचा पूल गेला, अमळनेर गेलं, कुत्र्यानं हूं की चूं केलं नाही.

"किती गुणी सवाऱ्या," रिद्धी हसली. "दोन्ही मुक्या."

अमळनेर सोडल्यावर एका बंद टपरीपाशी अखिलनं गाडी थांबवली. "पाय मोकळे करून आणतो त्याचे." भुऱ्याबरोबर त्यानं पंचाही उचलला. टपरीआडून तो एकटाच परतला. हातात नुसता पट्टा.

हीराबाईंनी त्याचा खांदा हलवला, मागं बोट दाखवलं, काचेवर हात आपटले.

"मम्मीजी, हातवारे कळत नाहीत आम्हाला," रिद्धी म्हणाली. "बोला ना. एक शब्द बोला, वळवतो गाडी."

"नाही बोलणार," अखिल आरशात बघत म्हणाला. "पप्पा गेले त्या दिवशीसुद्धा हिनं उपास मोडला नव्हता."

ओठ उघडले. आवाज फुटला नाही. एवढ्या वर्षांचा नेम आडवा आला. गाडी सुटली, तसा मागच्या काचेतून भुऱ्या दिसला. पंच्यावर नीट बसलेला, गाडीकडे बघत. धावला नाही. शिकवलंच होतं तसं.

"पप्पांनी छान वळण लावलंय," अखिल म्हणाला. "जराही त्रास दिला नाही."

देवपूरला पोचल्यावर रिद्धी दाराला तोरण बांधू लागली. हीराबाईंनी पाण्याची बाटली भरली. स्वतः घोट घेतला नाही. पट्टा पदराखाली धरून त्या जिना उतरल्या.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कथा जानं शे, अक्का?"

"अमळनेरच्या अलीकडं. बंद टपरी आहे तिथं."

एकादशीचा नेम मोडला होता. बोलानं कुणा जिवाला दुखवू नये म्हणून मौन धरायचं. त्यांनी तर न बोलून एक जीव रस्त्यावर टाकला होता.

पट्टा पाहून कंडक्टर हसला. "येतांना कुत्रं बसमा चालत नई हां, अक्का."

"पायी येऊ आम्ही."

बस हलली. हीराबाई खिडकीकडं तोंड करून हळूहळू बोलू लागल्या, "आले रे भुऱ्या, आले." घसा बसला होता. तिथं पोचेपर्यंत आवाज ओळखीचा व्हायला हवा होता.