दूध पाजणाऱ्या मारियेला वळसा

“राजा कुठे जन्मला हे तुमच्या खिशात लिहून ठेवलंय का हो?” दोना इरासेमांनी विचारलं.

तेल्माने खिशातला हात बाहेर काढला. फोन चौथ्यांदा थरथरून नुकताच गप्प झाला होता.

“नाही, खिशात माझी सासू आहे,” ती म्हणाली.

दोना इरासेमा हसल्या नाहीत. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात एकतीस वर्षं न्यायाधीश म्हणून काढलेल्या बाई त्या. हसायचं की नाही याचा निकालही त्या राखून ठेवत. हातात एक छोटी वही होती. दिवसभरात काय काय बघायचं ते तिच्यात घरूनच लिहून आणलं होतं, आणि प्रत्येक नावापुढे एक रिकामी चौकट होती. घोळक्यात उभं राहून कुणाच्या तरी टोपीआडून इतिहास बघायचं आपलं वय राहिलं नाही, म्हणून त्यांनी गाडीसकट अख्खा गाईड एका दिवसासाठी स्वतःपुरता घेतला होता. तो गाईड म्हणजे तेल्मा.

“बघा, भिंतीवर अक्षरं आहेत,” तेल्माने हात वर केला. “‘पोर्तुगाल इथे जन्मला.’ पहिला राजा इथल्या किल्ल्यात जन्मला, असं आम्ही गिमाराइशवाले म्हणतो. इतर दोन गावं वेगळं म्हणतात. त्यांना म्हणू द्यावं. जन्माच्या वेळी ज्याच्या घरात आरडाओरडा झाला त्यालाच खरं ठाऊक.”

आता मात्र दोना इरासेमांच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी चौकटीत खूण केली.

नऊ वर्षं तेल्मा हेच करत होती. तिचा बाप सुऱ्या-काट्यांच्या कारखान्यात धार लावायचा, आई सूतगिरणीत. इतिहासाची पदवी घेऊन पोरीने काय करायचं, असं नातेवाईक विचारत; तिने ती पदवी रस्त्यावर आणून उभी केली होती. कुठल्या पायरीवर उन्हाळ्यात सावली असते, कुठल्या चर्चचा रखवालदार पाच मिनिटं आधीच कुलूप लावतो, म्हातारी गुडघ्याला हात लावायच्या आत बाक कुठे गाठायचं, हे सगळं तिच्या पायांना पाठ होतं. बोलताना ती कधी अडखळत नसे. आजही अडखळली नव्हती. फक्त खिसा थरथरत होता.

गास्पार पाच महिन्यांचा झाला होता आणि बाटलीला तोंड लावत नव्हता. गेले दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता. सोमवारपासून हंगाम सुरू होत होता. सप्टेंबरपर्यंत रोज एक गाडी, रोज एक कुटुंब. पर्यटन कंपनीतल्या बाईने स्पष्टच सांगितलं होतं, “गुरुवारी संध्याकाळी सातपर्यंत हो की नाही ते कळव. नाही म्हणालीस तर वाईट वाटून घेणार नाही, पण यादीत दुसरं नाव जाईल.” आणि एकदा गेलेलं नाव परत येत नाही, हे तेल्माने इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. तिचा नवरा महिन्यातले वीस दिवस फ्रान्सच्या रस्त्यांवर ट्रक चालवत असे. मूल सांभाळायला सासू होती, शेजारच्या ब्रागा शहरात. फ्रीजमध्ये तेल्माचंच काढून ठेवलेलं दूध होतं. अडलं होतं ते एका रबरी बोंडापाशी.

आरोग्यकेंद्रातल्या नर्सने सांगितलं होतं, “तू दिसलीस, तुझा वास आला, तर तो बाटलीकडे ढुंकूनही बघणार नाही. एक पूर्ण दिवस लांब राहा. भूक शिकवते.”

तो पूर्ण दिवस आज होता. आज गुरुवार होता.

ऑलिव्हच्या झाडाच्या चौकात तिने दोना इरासेमांना भोपळ्याच्या मुरंब्याची आणि बदामाची करंजी घेऊन दिली, आणि ती खाऊन होईपर्यंत चार पावलं बाजूला जाऊन सासूला फोन लावला.

“काय झालं, दोना आल्बेर्तिना?”

“काय व्हायचंय! तोंड असं मिटलंय, जसं रविवारी बँकेचं दार. चारदा बाटली लावली, चारदा माझ्या अंगावर. मी सांगते तुला, याला गिमाराइशचं दूध चालत नाही. पोरगं ब्रागाचं आहे.”

“सकाळी सहाला तेच दूध पीत होता तो.”

“सकाळी झोपेत होता बिचारा, कळलं नसेल.” सासू स्वतःच्याच विनोदावर हसली आणि मग आवाज खाली आणला. “गाजराचं सूप खाल्लं सहा चमचे. पण दुधाला तोंड लावत नाही, पोरी. रडून रडून घसा बसलाय त्याचा. असं करू, मी त्याला गाडीत घालून तीनला इथल्या कॅथेड्रलपाशी घेऊन येते. तुम्ही तिथेच येणार ना? मागच्या गल्लीत बस, पाज, मोकळी हो. तुझ्या त्या जज्जीणबाईला म्हणावं, दहा मिनिटं.”

“नका येऊ.”

“अगं, आईचं काळीज आहे की तुमच्या किल्ल्याची भिंत?”

“आज पाजलं तर उद्याही तो माझीच वाट बघणार. नर्स काय म्हणाली होती?”

“त्या नर्सला मुलं किती? मला चार आहेत.”

“दोना आल्बेर्तिना, नका येऊ. हात जोडते.”

 पलीकडे मागे कुठेतरी एक बसलेला, खरखरीत आवाज थांबून थांबून येत होता, आणि तो ऐकताच तेल्माच्या छातीत कळ उठली. तिने फोन बंद केला आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली. जूनच्या उन्हात.

जेवताना दोना इरासेमांनी कॉड मासा बारकाईने सोलला, काटे ताटाच्या कडेला ओळीने मांडले आणि डोळे वर न करता विचारलं, “कोट काढत नाही तुम्ही?”

“सर्दी झालीये.”

“सर्दी.” बाईंनी तो शब्द पुरावा म्हणून दाखल करून घेतला. “मूल केवढं आहे?”

तेल्माच्या हातातला पाव तसाच राहिला. “पाच महिन्यांचं. कसं ओळखलंत?”

“मला जुळ्या मुली झाल्या होत्या. दीड महिन्यात मी कोर्टात परत बसले. काळा झगा असतो ना आमचा, त्याच्याखाली काहीही झाकतं.” त्या पाणी प्यायल्या. “तुम्हाला जायचं असेल तर जा. मी इथे चौकात बसेन.”

हे ऐकून एखादीला रडू आलं असतं. तेल्माला उलट कणा ताठ झाल्यासारखं वाटलं.

“तुमच्या वहीत अजून पाच चौकटी रिकाम्या आहेत,” ती म्हणाली. “पाचही आज भरायच्या.”

“गिमाराइशच्या बायका अशाच असतात?”

“नाही. बाकीच्या याहून वाईट असतात.”

स्वच्छतागृहात जाऊन तिने आतले कपडे बदलले, ओले घडी करून पर्समध्ये कोंबले, तोंडावर पाणी मारलं. आरशातल्या बाईला ती हळू आवाजात म्हणाली, “साडेतीन तास.” तिची स्वतःची आई तिला तेविसाव्या दिवशी शेजारणीकडे ठेवून गिरणीत परत गेली होती. तेल्मा कधी रडली, काय प्यायली, याबद्दल आई एवढंच सांगायची: “जगलीस ना?” तेल्माला ते उत्तर लहानपणी फार कोरडं वाटायचं.

ब्रागाला पोचेपर्यंत तीन वाजत आले होते. गिमाराइशच्या माणसाला ब्रागाची तारीफ करताना जीभ जड होते, पण तेल्मा पोट भरण्यापुरती करत असे. कॅथेड्रलमधले दोन सोनेरी ऑर्गन तिने असे काही दाखवले, की दोना इरासेमा मान वर करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

“आणि आता?” त्यांनी वही उघडली. “मागच्या बाहेरच्या भिंतीतली मारिया. बाळ येशूला अंगावर पाजणारी. ही मला नक्की बघायची आहे.”

तेल्मा नेहमी तिथेच नेत असे. दगडातली ती तरुण बाई, मांडीवर गुटगुटीत मूल, चेहऱ्यावर कसलीही घाई नाही. जुन्या काळी दूध कमी येणाऱ्या बायका तिला नवस बोलत, हे ती नऊ वर्षं सांगत आली होती. मूल झाल्यावर मात्र ती तिथे अजून एकदाही उभी राहिली नव्हती.

“या,” ती म्हणाली, आणि बाजूच्या दारातून डोकं बाहेर काढलं.

गल्लीच्या टोकाला, पुतळ्याच्या बरोबर खाली, निळी बाबागाडी उभी होती. दोना आल्बेर्तिना वाकून आत काहीतरी पुटपुटत होत्या. एका हाताने गाडी पुढेमागे हलवत होत्या, दुसऱ्या हातात बाटली. त्यांचा अंबाडा सुटला होता. एवढ्या तोऱ्याची बाई, पण पाठीमागून अचानक म्हातारी दिसली. मग गाडीतून तो आवाज आला. रडणंसुद्धा नव्हतं ते. रडून दमलेल्याने पुन्हा एकदा करून पाहिलेला प्रयत्न होता.

वीस पावलं. फार तर बावीस. तेल्माच्या अंगातलं सगळं त्या दिशेला धावलं. तिला ते ओलं, गरम, कोटाखालून खाली उतरताना कळलं. तिने दाराची लोखंडी कडी धरली. वीस पावलं गेलं की सगळं गप्प होईल. मूल गप्प, सासू गप्प, कळ गप्प. आणि सातला कंपनीतली बाईही गप्प.

तिने डोकं आत घेतलं.

“त्या पुतळ्याची डागडुजी चालू आहे,” ती शांतपणे म्हणाली. “कापड लावलंय. आपण दुसरीकडून जाऊ.”

नऊ वर्षांत एखाद्या जागेबद्दल पर्यटकाशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं.

आणि मग तिने आपली सगळी विद्या पणाला लावली. ओवरीतून आतल्या अंगणात, तिथून घंटेच्या मनोऱ्याखालचं दार, पुढे मेणबत्त्यांच्या दुकानाच्या मागून एक बोळ, जो नकाशात नाही. एका पाववाल्याच्या भट्टीला वळसा, तीन पायऱ्या, पुन्हा बोळ. लोकांना गर्दीतून चुकवून न्यायला शिकलेली ती, आज स्वतःच्या मुलाला चुकवून चालली होती. चालताना ती बोलतही होती, खिडक्यांच्या जाळ्यांबद्दल, आर्चबिशपांच्या भांडणांबद्दल, एक शब्द इकडचा तिकडे न होता. दोना इरासेमा तिच्या मागून काठी टेकत येत होत्या. वहीत त्या काही लिहीत नव्हत्या.

बोम जेझुशच्या टेकडीवरच्या चर्चला जायला दोघी पाण्याच्या जुन्या रेल्वेत बसल्या. वरच्या डब्याच्या पोटात पाणी भरतात. तो जड होऊन खाली उतरतो आणि त्याच्या ओढीने खालचा वर चढतो. एंजिन नाही, वीज नाही. वरून भरलेला डबा हळूहळू त्यांच्या शेजारून खाली गेला.

“जड झालेल्यानेच दुसऱ्याला वर ओढायचं,” दोना इरासेमा म्हणाल्या. “उतरून पाणी सोडून दिलं की झालं मोकळं, नाही?”

“खाली पोचल्यावर सोडतात,” तेल्मा म्हणाली. “मध्ये नाही.”

चार वाजल्यापासून फोन वाजला नव्हता. सकाळपासून त्या थरथरीने तिचा जीव खाल्ला होता, आता तो गप्प होता म्हणून खाऊ लागला. सासू रागावली असेल? मूल झोपलं असेल? की दवाखान्यात नेलं? पायऱ्यांवर पाच इंद्रियांची पाच कारंजी आहेत; त्यांच्यापाशी उभी राहून ती एकेकाची माहिती देत राहिली, आणि खिशात हात घालून फोन चालू आहे ना ते बघत राहिली. स्वतः फोन लावायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. लावला तर ती गेली असती.

पावणेसहाला ब्रागामधल्या हॉटेलच्या दाराशी गाडी थांबली. दोना इरासेमा उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि परत खिडकीशी आल्या.

“पुतळ्यावर कापड नव्हतं.”

तेल्माने स्टिअरिंग सोडलं नाही. “नव्हतं.”

“मी तुमच्या खांद्यावरून पाहिलं. पुतळा पाहिला, खाली गाडीही पाहिली.” त्यांनी वही उघडून दाखवली, पाचही चौकटींत खुणा होत्या. “माझ्या जुळ्यांतल्या एकीने मला अजून माफ केलेलं नाही. एकीने केलंय. तुम्हाला एकच आहे, तेव्हा निम्मीच भीती.” आणि निरोपही न घेता त्या काचेच्या दारातून आत गेल्या.

सासूचं घर गावाबाहेर, द्राक्षवेलींच्या मांडवाखाली. तेल्माने गाडी लांबच उभी केली. रडण्याचा आवाज येत नव्हता. ती जवळजवळ धावतच अंगणात शिरली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थबकली.

दोना आल्बेर्तिना खुर्चीत बसल्या होत्या. गळ्याभोवती तेल्माचा घरातला स्वेटर गुंडाळला होता, अंबाडा अजून सुटलेलाच. मांडीवर गास्पार. बाटली अर्ध्याहून खाली आली होती. तो शांतपणे, लयीत, गिळताना बारीक आवाज करत पीत होता, आणि एका हाताने त्याने आजीचं बोट धरून ठेवलं होतं. तेल्माचं धरायचा, अगदी तसंच.

दोना आल्बेर्तिनांनी मान वर केली. खिडकीतली सून दिसली. त्यांनी मोकळ्या हाताने आधी तिला थांबवलं, तिथेच, आत येऊ नकोस, आणि मग त्याच हाताने डोळे पुसले.

तेल्माने मान हलवली. ती दोन पावलं मागे सरली, म्हणजे वाऱ्याबरोबर तिच्या दुधाचा वास आत जाऊ नये. फोन काढला आणि कंपनीतल्या बाईला लिहिलं: “हो. सोमवारी साडेआठला हजर.” सातला अजून चाळीस मिनिटं होती.

मग ती मांडवाच्या मागच्या बाजूला गेली. तिथे कपडे धुवायचं दगडी टाकं होतं, काठोकाठ भरलेलं. तिने कोट काढून वेलीवर टाकला, बाह्या सरसावल्या, काठावर वाकली आणि छाती मोकळी केली. दूध आधी थेंब थेंब, मग धारेने पाण्यात पडू लागलं. थोडा वेळ ते पांढरं, दोऱ्यासारखं वेगळं दिसायचं, मग पाण्यात मिसळून जायचं. आतून बाटलीच्या तळाशी हवा ओढल्याचा आवाज आला. तेल्मा खाली बघत हात चालवत राहिली.