विहिरीची पुढची तारीख

गुरुजींनी पिंडावर दह्याचा आणखी एक चमचा ओतला आणि मोबाईलमध्ये वेळ पाहिली. शिवऱ्यात त्यांचा दुसरा दहावा होता.

सारोळ्याच्या घाटावर माणसं उन्हात पाय बदलत उभी होती. रखमाजी शिळीमकर आधी वकील, मग एकदा आमदार, शेवटी न्यायाधीश. एवढं सगळं होऊन गेलेल्या माणसाची इच्छा नेमकी कुठली राहिली, ते कुणालाच सुचेना. आणि ती पुरी करायचं वचन मिळाल्याशिवाय कावळा पिंडाला शिवणार नव्हता.

पुढारी जगनरावांनी माईक ओढला.

"साहेबांच्या नावानं गावाला कमान बांधू!"

कावळा : गैरहजर.

"कमानीवर साहेबांचा पुतळा!"

कावळा : हजर. विजेच्या खांबावर. काही म्हणणे नाही.

एका म्हाताऱ्या वकिलांनी साहेबांचे सगळे निकाल छापून काढायचं कबूल केलं. कावळ्यानं पंखाखाली चोच घातली.

मग मुलगा कुमार पुढं झाला. तोही वकील. "आण्णा, विहिरीची केस मी सुप्रीम कोर्टापर्यंत लढेन!"

कावळा दोन पावलं सरकला.

"हलला, हलला!"

कुमारच्या आईनं, फुलाबाईनं, पदर मुठीत घट्ट धरला. विहीर तिच्या नवऱ्याच्या आणि दीर धनाजीच्या बांधावर. केस नवऱ्यानं वकील झाल्या झाल्या घातलेली. तो आमदार झाला, न्यायाधीश झाला, केस तिथंच राहिली. मनाई हुकमामुळं विहिरीवर कुणालाच मोटर बसवता येईना. विहीर काठोकाठ, आणि फुलाबाईच्या डोक्यावर हंडा. दहावा उरकला की केस काढून घेते, असं तिनं कालच मुलाला बजावलं होतं.

कावळा जागीच बसला.

"आई, तुम्ही म्हणा," गुरुजी म्हणाले. "नुसतं म्हणा, केस चालू ठेवते."

"न्हाई म्हणनार."

"अहो, मग कावळा?"

"बसू द्या त्याला. ह्यांना बी लोकांना बसवून ठेवायची लई सवय व्हती."

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यावर निभावून नेलं. मग सगळ्यांच्या माना एकेक करून लिंबाखाली वळल्या. तिथं धनाजी उभा होता, चपला हातात घेऊन. विरुद्ध पार्टी म्हणून तो मुद्दाम लांब थांबला होता. लोक बघतच राहिले तेव्हा तो नाइलाजानं पुढं आला.

"दादा," त्यानं पिंडाला हात जोडले. "विहीर तुझी. सोडली म्या."

कुमारनं आ वासला. फुलाबाई अर्धी उठली.

कावळा उडाला तो थेट नीरेपलीकडं, सातारा जिल्ह्यात.

कावळा : हद्दीबाहेर.

"आता काय म्हणावं!" जगनराव म्हणाले. "हेच तर पाहिजे होतं की साहेबांना!"

गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. फुलाबाई दिराकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"भावजी, तारखेला गेल्यावर तुमी दोघं काय करायचा?"

"काय करनार, वैनी? दादा पुढची तारीख मागायचा. म्या व्हय म्हनायचो. मग स्टँडवर भजी."

"एका टेबलावर?"

"एका ताटलीत."

"आन बोलायचा?"

"केसवर न्हाई. आईवर बोलायचो. न्हाईतर तांबड्या बैलावर. दादाला त्यानं ओढ्यात पाडलं व्हतं, ते दर तारखेला निघायचं."

"गावात तर एक शबूद बोलत न्हवता."

"गावात कसं बोलनार?" धनाजीला नवल वाटलं. "केस चालू हाय ना."

फुलाबाईनं मुठीतला पदर सोडला. उठली, पिंडापाशी वाकली आणि चार शब्द पुटपुटली. गुरुजींनाही ते ऐकू आले नाहीत.

कावळा नदी ओलांडून आला, पिंडाला शिवला आणि वर भाताचा घास घेऊन गेला.

सुटकेचा एकच आवाज घाटभर झाला. "काय म्हणालीस गं?" कुमार विचारत राहिला. ती चुळा भरत राहिली.

चहाची पातेली उघडली तशी गर्दी तिकडं सरकली. फुलाबाईनं धनाजीला पायऱ्यांवर गाठलं.

"उद्या मोटर बसवा. दोघांत एक."

"वैनी, मनाई हुकूम हाय."

"तक्रार कोन करनार? मी का तुमी?"

धनाजी विचारात पडला. "आन केस?"

"ऱ्हाऊ द्या चालू. तारखेला एसटीत माझी बी जागा धरा."

धनाजीच्या तोंडावर हसू यायला लागलं. तेवढ्यात त्याला दिसलं, चहाच्या रांगेतून लोक बघतायत. त्यानं कपाळाला आठी घातली, वहिनीकडं पाठ केली आणि एक अक्षर न बोलता रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.